शेवटच्या शिट्टीआधीचे वाक्य

रविवार, ११ मे

रोक्काव्हेर्साचा संघ आज घरच्या मैदानावर हरला. नोंद येथेच संपवता आली असती. चाळीसहून अधिक वर्षांत अशा नोंदी मी पुष्कळ केल्या आहेत आणि त्यांना विशेषणांची गरज कधी भासली नाही. आज मात्र घटनांचा क्रम नीट मांडून ठेवणे भाग आहे, कारण उद्यापासून गावात तो वेगळ्याच रीतीने सांगितला जाईल.

हंगामातला हा शेवटचा सामना होता. नुसती बरोबरी झाली असती तरी आम्ही या श्रेणीत टिकलो असतो. खेळ संपायला थोडीच मिनिटे उरली होती. आम्ही एका गोलने पुढे होतो. पाहुण्या संघाला या सामन्यातून काहीच मिळवायचे नव्हते आणि त्यांचे खेळाडू चक्क चालत होते. या तीन विधानांवरून जो निष्कर्ष निघतो, तो मी मोठ्याने उच्चारला: "झालं. आपण वाचलो."

माझ्या भोवतीच्या तीन रांगा एकदम माझ्याकडे वळल्या; शेवटच्या शिट्टीआधी असे बोलणे येथे अपशकुन मानतात. शेजारी बसलेल्या नाझारेनोचा हात कोटाच्या खिशात गेला. तेथे नदीकाठच्या जुन्या मैदानाची लोखंडी किल्ली असते. ते मैदान पाडले तेव्हा कपडे बदलायच्या खोलीची ही किल्ली त्याने मागून घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक सामन्यात गोल होण्याची भीती वाटली की तो ती मुठीत धरतो. त्याचे लोखंडी सामानाचे दुकान होते; लोखंडावर त्याचा विश्वास असणे मी समजू शकतो.

"उल्देरिको," तो म्हणाला, "काय केलंस हे?"

त्यानंतर पाहुण्यांनी दोन गोल केले. त्यानंतर, त्यामुळे नव्हे.

पुढच्या रांगेतला न्हावी सेत्तिमिओ उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "प्रोफेसर, वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसता, आणि उघडायला हाच मुहूर्त सापडला?"

आता पोर्तोसाल्दोच्या संघाशी दोन सामने खेळावे लागतील, पहिला त्यांच्याकडे, दुसरा आमच्याकडे. दोन्ही मिळून जो हरेल तो हौशी संघांच्या स्पर्धेत ढकलला जाईल. गोल समसमान राहिले तर गुणतक्त्यात वर असल्यामुळे आम्ही टिकू.

मध्यंतराविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नेहमीप्रमाणे खारवलेल्या लुपिनी बिया खाल्ल्या. नाझारेनोने कसल्याशा तपासणीचा विषय काढला होता. निकाल गुरुवारी मिळणार म्हणे. मी सांगितले, या वयात असल्या सावल्या दहांतल्या नऊ जणांच्या छातीत दिसतात, तुझ्यात काहीही निघणार नाही, नक्की. त्यावर त्याने बियांची पुडी माझ्याकडे सरकवली.

सोमवार, १२ मे

कॉफीच्या दुकानात लोरेदानाने माझ्यापुढे नुसती कॉफी ठेवली. गेली तीस वर्षे त्या कॉफीत मिस्त्राचे, म्हणजे बडीशेपेच्या दारूचे, चार थेंब असतात.

"मिस्त्रा?" मी विचारले.

"वाचलेल्या माणसांना कशाला लागते?"

गल्ल्याशी उभी असलेली माणसे हसली. मी शांतपणे समजावले की माझा आवाज हवेत विरला, तो मैदानात उतरून आमच्या बचावपटूच्या पायात अडकला नाही.

"मग तो बचावपटू पडला कसा?"

"गवत ओलं होतं."

"गवत वर्षभर ओलं असतं, प्रोफेसर. तुम्ही बोललात एकदाच."

प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की हा युक्तिवाद चुकीचा असला तरी त्याची बांधणी चांगली आहे. जे नेहमी असते ते नेहमी न घडणाऱ्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही, हे तत्त्व मी शाळेत छत्तीस वर्षे शिकवले. लोरेदाना माझ्या वर्गात होती. ते तत्त्व तिने माझ्यावरच फेकावे यात एक प्रकारचा न्याय आहे, पण मिस्त्रा मिळायला हवी होती.

घरी बहीण इनेस म्हणाली, "मासळीवालीने मला आज शेवटपर्यंत थांबवलं. तुझ्यामुळे."

"माझा आणि मासळीचा काय संबंध?"

"तोच तर! ज्याचा संबंध नाही तिथे बोलतोस कशाला?"

बुधवार, १४ मे

नाझारेनो तिसऱ्या दिवशीही कॉफीला आला नाही. हे बालिश आहे.

आमची ओळख नदीकाठच्या मैदानाच्या भिंतीवर झाली. तिकिटाला पैसे नसलेले सगळे त्या भिंतीवर बसत. मी पुस्तक घेऊन बसलो होतो, त्याने ते ओढून घेतले, त्यावर स्वतः बसला आणि म्हणाला, "भिंत गार आहे. पुस्तकाला चालेल." तेव्हापासून आम्ही शेजारी बसतो. पूर आला त्या वर्षी आमच्या गोलरक्षकाचे बूट चिखलात रुतले आणि तो मोज्यांवर खेळला, तेव्हा आम्ही शेजारी होतो. वरच्या श्रेणीत गेलो त्या एकमेव वर्षी चौकातल्या कारंज्यात नाझारेनो कपड्यांसकट उतरला आणि मी त्याचे घड्याळ धरून काठावर उभा राहिलो. पुढच्याच वर्षी आम्ही परत खाली आलो. ते तर कोणी उच्चारलेही नव्हते.

एवढ्या वर्षांत त्याने माझे एकही अनुमान मान्य केले नाही आणि मी त्याची एकही खूण मानली नाही. त्यावरून आमचे कधी बिघडले नव्हते. एका वाक्यावरून आता बिघडावे?

शुक्रवार, १६ मे

काल दुपारी नाझारेनो दिसला. त्याची मुलगी मिरेल्ला गाडी चालवत होती आणि तो शेजारी टाय लावून बसला होता. गाडी अंकोनाच्या रस्त्याला लागली. फुटबॉल संघटनेचे कार्यालय अंकोनाला आहे. पंचांविरुद्ध तक्रार करायला गेला असणार. टाय लावून दुसऱ्या कशासाठी जाईल? मला बरोबर न्यायला हवे होते. तक्रारीची मांडणी त्याला एकट्याला जमणार नाही.

मी हात केला. त्याने पाहिले, पण काच खाली केली नाही.

रविवार, १८ मे

दुपारी जेवण उरकते तोच शिष्टमंडळ आले: न्हावी सेत्तिमिओ, आणि त्याच्यासोबत पाद्री एल्व्हिओ. सेत्तिमिओच्या हातात सारण भरून तळलेल्या ऑलिव्हची बशी होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि स्वतःच खायला सुरुवात केली.

"प्रोफेसर, तुम्ही गावचे ज्येष्ठ. तुमचा मान आहेच," तो म्हणाला. "म्हणूनच विनंती. घरच्या सामन्याला तुम्ही येऊ नका."

मी विचारले, कोणत्या आधारावर. तो म्हणाला, आधार कसला, अख्खं गाव म्हणतंय. मी म्हटले, अख्खे गाव म्हणते हा आधार नव्हे, ती मोजदाद झाली. मग पाद्रीबुवांकडे वळून विचारले, की चर्चला हे शोभते का.

पाद्री एल्व्हिओंनी एक ऑलिव्ह उचलले. "चर्च अंधश्रद्धेच्या विरोधात आहे, प्रोफेसर. सक्त विरोधात. पण मी त्या दिवशी तुमच्या मागे बसलो होतो. ऐकलं तेव्हा माझाही हात क्रूसाची खूण करून गेला."

"दुसरा एक मार्ग आहे," सेत्तिमिओ म्हणाला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "पुढच्या रविवारी पोर्तोसाल्दोला जा. त्यांच्या माणसांत बसा. आणि शेवटाला जरा मोठ्यानं म्हणा, की पोर्तोसाल्दो वाचलं. बास, एवढंच. बसचं भाडं आम्ही काढू."

इनेस स्वयंपाकघरातून हसली.

मी उत्तर दिले की शब्दाने गोल होत नाही असे माझे म्हणणे आहे. ते खरे मानतो म्हणून मी आपल्या मैदानावर येणार, आणि ते खरे मानतो म्हणूनच त्यांच्या मैदानावर असले काही बोलणार नाही. जी तलवार नाहीच असे मी म्हणतो, ती उपसून कशी दाखवू?

"म्हणजे तुम्ही आपल्यालाच बुडवणार, त्यांना नाही," सेत्तिमिओ म्हणाला. "वा! काय शिक्षण."

जाताना तो बशी परत घेऊन गेला. तीत दोन ऑलिव्ह उरले होते.

सोमवार, २६ मे

काल मी पोर्तोसाल्दोला गेलो, स्वतःच्या खर्चाने, नेहमीच्या बसने आणि आमच्याच लोकांत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. ती नाझारेनोची. दूरच्या सामन्यांना तो मोठ्या पावात चाऊस्कोलो, म्हणजे मऊ सॉसेज, पसरून आणतो आणि अर्धा मला देतो. काल मी काही खाल्ले नाही.

संपूर्ण सामन्यात मी एक शब्दही बोललो नाही. आम्ही एका गोलने हरलो.

परतीच्या बसमध्ये सेत्तिमिओ आसनांमधून वाट काढत आला. "आता का नाही बोललात?"

"बोलू नका असं तुम्हीच म्हणाला होतात."

"आपल्यासाठी बोलू नका म्हटलं! त्यांच्यासाठी बोला म्हटलं होतं!"

बोललो तर बोललो म्हणून दोषी, गप्प राहिलो तर गप्प राहिलो म्हणून दोषी. ज्या आरोपातून सुटण्याची कोणतीही वाट ठेवलेली नसते तो आरोप नसतो, ती शिक्षा असते. हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "बघा, आता कसे बोलता."

एकदा याच रस्त्याने आम्ही दाट धुक्यात परतलो होतो. मैदानावरही तेच धुके. कोणी कोणाला गोल मारला हे घरी रेडिओवर कळले. नाझारेनो तेव्हा म्हणाला होता की असाच सामना हवा, दिसत नाही तोवर कोणी हरत नाही. काल हे आठवून मागे वळलो, कोणाला तरी सांगावे म्हणून. मागे पाद्रीबुवा झोपले होते.

नाझारेनो बसला आला नाही हे मी समजू शकतो. पण तो घरातही नव्हता. उतरल्यावर त्याच्या घरावरून गेलो. खिडक्या बंद होत्या.

बुधवार, २८ मे

मिरेल्ला आली होती. तीही एके काळी माझ्या वर्गात बसलेली. आता स्वतः गणित शिकवते. खुर्चीवर बसली नाही.

"काका, पप्पा अंकोनाच्या रुग्णालयात आहेत. शनिवारपासून."

मी विचारले, कशासाठी.

ती इनेसकडे पाहू लागली. इनेस म्हणाली, "मी सांगितलं नाही गं. त्यानं विचारलंच नाही. सगळं गाव जाणतं, हा एक सोडून."

फुप्फुसात गाठ आहे. टाय त्यासाठी होता. मोठ्या डॉक्टरांना भेटताना तो टाय लावतो. गाठ लहान आहे, काढता येते, डॉक्टरांना पुढच्या गुरुवारी काढायची आहे. पण नाझारेनो होकार देत नाही.

"का?" मी विचारले.

"तुम्हाला खरंच सांगू?" मिरेल्ला म्हणाली. "पप्पा म्हणतात, त्या रविवारी उल्देरिको दोन वाक्यं बोलला. एक मध्यंतरात, एक शेवटी. आपण वाचलो म्हणाला, आणि ती वाट लागली. तुझ्यात काही निघणार नाही म्हणाला, आणि हे निघालं. आता ते म्हणतात, या रविवारी संघ वाचला तर वाक्याचा जोर उतरला असं समजू, मग डॉक्टरांनी काय हवं ते कापावं. संघ गेला तर उगाच कापून घ्यायचं नाही."

"हे तू त्याला खोडून काढलं नाहीस?"

"काढलं की. तुम्ही शिकवलं तसंच, सगळ्या पायऱ्या लावून. ते म्हणाले, अगदी उल्देरिकोसारखी बोलतेस, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले."

मी भेटायला येतो म्हटले. ती म्हणाली, रविवारपर्यंत नको. मग पर्समधून रुमालात गुंडाळलेली किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली. "निरोप आहे. उल्देरिकोला सांग, स्वतःच्या जागेवर बस, किल्ली माझ्या जागेवर ठेव, आणि तोंड मिटून राहा."

शुक्रवार, ३० मे

आज मी हा प्रश्न पद्धतशीर सोडवायला बसलो. पहिले: गाठ माझ्या वाक्याच्या पुष्कळ आधीची आहे, नंतरचे कारण आधीचे कार्य घडवू शकत नाही. दुसरे: खेळाचा निकाल आणि फुप्फुस यांत कोणताही दुवा नाही. तिसरे: म्हणून रविवारी काहीही झाले तरी नाझारेनोने होकार दिला पाहिजे. युक्तिवाद निर्दोष आहे. तो ज्याने ऐकायला हवा तो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला आहे, आणि त्याच्यापुरता हा प्रश्न अकरा जणांच्या पायावर सुटणार आहे. त्यांतले तिघे तर मला खालच्या श्रेणीतही खेळण्यालायक वाटत नाहीत.

संतापाने दोनदा पेन ठेवले. कोणावरचा संताप, हे ठरवता आले नाही.

सोमवार, २ जून

काल फाटकाशी सेत्तिमिओ आणि आणखी चौघे उभे होते. मी किल्ली दाखवली. "नाझारेनोचा हुकूम आहे," म्हटले. सेत्तिमिओने किल्ली ओळखली, डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला झाला.

"पण तोंड, प्रोफेसर," तो मागून म्हणाला.

नाझारेनोच्या जागेवर मी किल्ली ठेवली. मागून माणसे वाकून पाहात होती, कोणीतरी तिला बोटही लावून गेले. आसन उतरते आहे आणि किल्ली घसरत होती, म्हणून थोड्या वेळाने मी ती हातात घेतली. ती पडू नये एवढ्यासाठीच.

आम्हाला एक गोल हवा होता आणि एकही घ्यायचा नव्हता. गोल उत्तरार्धात झाला, चांगला नव्हता, त्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून गेला. सगळे मैदान उभे राहिले. मी बसलो होतो. त्यानंतर खेळाडू धावत असतात आणि वेळ धावत नाही अशी ती स्थिती आली. मी अनेक हंगामांत ती पाहिली आहे, पण तिची लांबी कधी एवढी नव्हती.

सेत्तिमिओ मागे वळला. "प्रोफेसर, किती राहिलं? तुमचं घड्याळ बरोबर असतं."

घड्याळ माझ्या मनगटावर होते आणि चालू होते.

"बंद पडलंय," मी म्हटले.

तो पुन्हा पुढे वळला.

मग त्यांचा एक खेळाडू आमच्या गोलरक्षकापुढे एकटाच पोहोचला. मी डोळे मिटले. ऊन समोरून येत होते. जो आवाज यायचा होता तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा चेंडू खांबाला लागून बाहेर गेलेला होता. शेवटची शिट्टी वाजली. सेत्तिमिओ माझ्या गळ्यात पडून ओरडत होता, "आता म्हणा! आता म्हणायला हरकत नाही, बाबा, म्हणा एकदाचं!" मी म्हटले नाही. किल्लीचे दात माझ्या तळहातावर उमटले होते.

आज सकाळी अंकोनाला गेलो. नाझारेनो उशीवर टेकून बसला होता, बारीक झालेला. डोळे मात्र तेच होते.

"खांबाला लागलं ना?" त्याने विचारले.

"खांबाला."

"खांब लोखंडाचे असतात," तो म्हणाला. मी प्रतिवाद केला नाही.

त्याने डॉक्टरांना होकार कळवला होता. मिरेल्ला पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि माझ्याकडे पाहात होती. "काका, सांगा ना पप्पांना, की सगळं नीट होईल."

नाझारेनोचा हात पांघरुणाखाली हलला. लोखंडी पलंगाची कड त्याने धरली होती. माझ्या तोंडाकडे तो ज्या नजरेने पाहात होता, ती नजर मी गेली चाळीस वर्षे फक्त आमच्या गोलकडे येणाऱ्या चेंडूवर पाहिली आहे.

"दिसतोस तर वाईट," मी म्हटले. "आपल्या बचावफळीपेक्षाही वाईट. आणि तो शल्यचिकित्सक मला बाहेर दिसला. बूट फाटके आहेत त्याचे."

नाझारेनोने कड सोडली. तो इतका हसला की खोकला लागला आणि परिचारिकेने मला बाहेर काढले. मी किल्ली देऊ केली. त्याने ती माझ्या मुठीत परत दाबली. "गुरुवारपर्यंत तूच ठेव. आणि उल्देरिको, तोंड."

दाराबाहेर मिरेल्ला रागावली होती. "एक चांगला शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी तिला परतीच्या बसची वेळ विचारली.

गुरुवार, ५ जून

नाझारेनोला सकाळी आत नेले आहे. मिरेल्लाने रुग्णालयातून फोन केला. डॉक्टर म्हणतात, असे ती सांगू लागली. मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही.

लोरेदानाने न मागता कॉफी घरी पाठवली, मिस्त्रा घालून. इनेस स्वयंपाकघरात मसूर निवडते आहे. कालही तेच निवडले होते. आम्ही एकमेकांशी हवामानाविषयी बोलतो.

सवयीने विधाने मांडून पाहिली. गाठ लहान आहे. शल्यचिकित्सकाचा हात अनुभवी आहे, बूट कसेही असोत. रुग्ण हट्टी आहे आणि रविवारपासून खुशीत आहे. या तीन विधानांवरून जो निष्कर्ष निघतो तो शाळकरी मुलालाही काढता येईल. तो मी येथे लिहीत नाही. पुरावा अपुरा आहे, हे त्याचे कारण. दुसरे कारण नाही.

किल्ली टेबलावर ठेवली तर वही नीट धरता येईल. ती डाव्या हातात आहे. राहू दे.